तळ्याचे दार

गौरी-गणपतीच्या विसर्जनाच्या दिवशी सकाळी तळ्यातले मासे मेले. त्या दिवशी गावातले गणपती तळ्यात गेले नाहीत. माणसांनी ते डोक्यावर घेतले आणि खाडीवर नेले.

या तीन वाक्यांत आणखी काही भरावे म्हणून मी बरेच दिवस कागद पुढे घेऊन बसले. जमले नाही. दादा असता तर म्हणाला असता, पुरे आहे तेवढे, पुढे चल. दादा या चैत्रात गेला. तो असताना ही गोष्ट तो सांगायचा आणि मी ऐकायची. त्याच्या सांगण्यात दर वेळी तळे थोडे मोठे होई. आता ती माझ्याकडे आली आहे, तर मी तळे होते तेवढेच ठेवणार आहे.

आमचे गाव डोंबिवली आणि कल्याण यांच्या मध्ये, खाडीकडे उतरत जाणाऱ्या जमिनीवर होते. वडील ठाण्याला कोर्टात नोकरी करीत. सकाळी धोतराचा सोगा वर खोचून ते चिखलातून स्टेशनापर्यंत जात आणि तिथे पाय धुऊन चपला घालत. स्वातंत्र्यानंतरची ती वर्षे. कुळकायद्याने बहुतेक जमीन कसणाऱ्यांची झाली होती, आणि त्यात गैर झाले असे आमच्या घरात तरी कुणी म्हणत नसे. घरी कसायला थोडी खाचरे उरली, ती अगदी वरची, माळाच्या पायथ्याची. तिथून भाताची खाचरे पायऱ्यांसारखी खाली उतरत. शेवटच्या खाचरानंतर तळे, आणि तळ्यापलीकडे खाडी.

शेवटचे खाचर ज्यांचे, त्यांना आम्ही खालचे काका म्हणायचो. उंच, आवाजाने मोठे, आगरी. त्यांचे वडील आमच्या आजोबांची जमीन कसत. आता ती त्यांची स्वतःची होती, आणि हे ते बांधावरून चालत असले तरी दिसायचे. खालच्या काकी तळ्यात जाळे टाकत आणि मासे घेऊन दारोदार जात. आमच्या दारात त्या येत नसत. पण विहिरीवर माझ्याशी मात्र भरपूर बोलत.

गावात एक रीत होती. प्रत्येक खाचराच्या बांधाला एक तोंड असे, आणि लावणी झाली की सगळी तोंडे उघडी राहत. वरच्याने खालच्याचे पाणी अडवायचे नाही. पाऊस माळावर पडे, आमच्या खाचरातून पुढच्याच्या, त्याच्यातून त्याच्या पुढच्याच्या, असे करत काकांच्या खाचरातून तळ्यात उतरे. पाणी वाहते राहिले पाहिजे, थांबले की रोप कुजते, असे सगळे मानत. पाण्यावरून आसपासच्या गावांत डोकी फुटत, आमच्या गावात कधी फुटली नव्हती, ती या रीतीमुळे. आम्हाला तिचा अभिमान होता.

दादा शेतकी कॉलेजातून शिकून आला तेव्हा त्याने सल्फेटचे खत आणले. पांढरे, जाड साखरेसारखे. गावाने त्याचे नाव लगेच मीठ ठेवले. पहिल्या वर्षी त्याने ते आमच्याच दोन खाचरांत टाकले. भात इतके काळेशार झाले की लोक वाट वाकडी करून पाहायला येऊ लागले. दुसऱ्या वर्षी कल्याणहून बैलगाड्या भरून पोती आली. फक्त खालच्या काकांनी खत घेतले नाही.

"माजी जमीन काय आजारी हाय, तिला दवा पाजाला?" ते म्हणाले.

लावणीनंतर बाकी सगळ्यांनी खाचरांत उभे राहून खत फेकले, पेरणी करावी तसे, मुठीमुठीने. बांधांची तोंडे उघडी होती. ती बंद करावीत हे कुणाच्या मनात आले नाही, दादाच्याही नाही. कॉलेजात प्रत्येक वाफ्याला वेगळा पाट होता. पण दादा या गावात वाढला होता. आमच्याकडे बांधाचे तोंड उघडे असणे म्हणजे घराला दार असण्यासारखे होते. त्याकडे तो तपासून पाहायची गोष्ट म्हणून बघूच शकला नाही. त्या रात्री पाऊस आला.

श्रावणात तळे हिरवे झाले. आधी काठाशी, मग मध्यापर्यंत, दुधावर धरावी तशी साय. तळ्याकाठच्या विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला. आई म्हणाली, कमळे कुजली असतील. आणि मग विसर्जनाचा दिवस उजाडला.

मी गेले तेव्हा सगळे गाव काठावर होते. पाण्यावर मासे पोटे वर करून पसरले होते.  खालच्या काकांच्या हातात गणपतीचा पाट तसाच होता.

"आलं का कालेजवालं मालक," दादाला पाहून ते म्हणाले. "बगा. तुमच्या मिठानं आमचा तलाव मारला. बाप्पाला आता कुठं ठेवू? तुमच्या माजघरात?"

 दादा पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात गेला.

"इख हाय त्या मिठात, इख!" मागून कुणीतरी म्हणाले.

तेवढ्यात जाळ्याच्या काठीने मासे बाजूला सारणाऱ्या काकी ओरडल्या, "अवो, ह्यो बगा! मरल जित्ता हाय!"

खरेच होते. शेवाळाखालून एक मरळ वर आला, त्याने तोंड पाण्याबाहेर काढले, हवा घेतली आणि तो खाली गेला. मग दुसरीकडे आणखी एक.

"मग विष नाही," दादा म्हणाला. तो आमच्याशी बोलतच नव्हता, स्वतःशी बोलत होता. "विष असतं तर मरळही मेला असता. तो वर येऊन श्वास घेतो. बाकीच्यांना वरची हवा घेता येत नाही. हे गुदमरून मेलेत." मग तो वळला. "काका, तळं माझ्यामुळेच असं झालं. पण मेलं नाही. पुढच्या वर्षी गणपती इथेच येतील."

"नं नाय आलं तं?"

"तर मी पुन्हा खताच्या पोत्याला हात लावणार नाही. गावात कुणी लावू नये असंही मीच सांगेन."

"आयकला का रं सगल्यांनी?" काकांनी वळून विचारले. सगळ्यांनी ऐकले होते.

गणपती खाडीवर गेले. ओहोटी होती. चिखलात मांड्यांपर्यंत रुतत माणसे पाण्यापर्यंत पोचली. आईने आमच्या गणपतीकडे शेवटपर्यंत पाहिले नाही.

घरी आल्यावर ती दादाला म्हणाली, "शब्द तुझा, तळं गावाचं. कशाला दिलास रे?"

"कुणीतरी द्यायला हवा होता."

वडिलांनी चष्मा पुसला. "आमच्या कोर्टात असा शब्द कुणी देत नाही," ते म्हणाले. "अगदी खरा असला तरी."

दादाला शेती सोडून दुसरे काही करायचे नव्हते. ठाण्यात त्याच्यासाठी एक नोकरी पाहून ठेवलेली होती आणि तो तिला वर्षभर टाळत होता. तळे सुधारले नाही तर तो खुर्चीवर जाऊन बसणार, हे आम्हाला तिघांनाही कळत होते.

दुसऱ्या दिवशी त्याने मला तळ्याच्या पायरीवर बसवले. गणपतीचा गुलाल उरला होता. तो त्याने भाताच्या तुसात कालवला. "मी हे आपल्या खाचरात सोडतो. इथे आलं की मला हाक मार." वेळ लागेल म्हणून मी पुस्तक नेले होते. धडा संपायच्या आत लाल तूस काकांच्या बांधाच्या तोंडातून तळ्यात उतरू लागले. मी हाक मारायच्या आधी काकांनीच मारली. ते बांधावर उभे होते आणि त्यांच्या भातातून लाल ओळ चालली होती.

"आता गुलाल पन माज्याच शेतानं का?"

दादा धावत आला. बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिला. मग खाली बसून त्याने काकांना आणि काकींना समजावून सांगितले. मीठ पाण्यात विरघळले, वाहिले, भाताला थोडेसे मिळाले, बाकीचे इथे आले. शेवाळाला ते खाणे झाले. शेवाळ वाढले, मेले, कुजले, आणि कुजताना पाण्यातली हवा पिऊन बसले.

"म्हंजी तुमी तलावाला जेवायला घातलाव," काकी म्हणाल्या, "नं तेला आजीर्न झाला."

"हो. तसंच."

"पन माजा भात बगा!" काका म्हणाले. त्यांचे भात खरोखरच सगळ्यांपेक्षा उंच होते. वरच्या प्रत्येकाचे मीठ थोडे थोडे तिथे थांबले होते. "पोता उचलला नाय, खांदा दुखवला नाय. तुमचा खत, माजा भात!"

आश्विनात ते भात जास्तीच्या मिठाने माजून आडवे झाले. नुसता पाला, लोंब्या पोचट. काकींनी विळा खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "आता पेंडाच शिजवू का तुमाला? काढा भाकर त्याची."  संध्याकाळी काका आमच्या अंगणात आले. आत या म्हटले तरी आले नाहीत. तुळशीपाशी उभे राहिले.

"बोल," ते दादाला म्हणाले. "काय करायचा?"

तळे साफ करायचे होते. वैशाखात पाणी तळाशी गेले तेव्हा दादा एकटाच फावडे घेऊन उतरला. दुसऱ्या दिवशी काकी आल्या, कारण मासे त्यांचे होते. काकी आल्या म्हणून काका आले. काका आले म्हटल्यावर बाकीच्यांना घरी बसणे अवघड गेले. काळा, लोण्यासारखा गाळ होता. तो टोपल्यांत भरून बायका-पुरुष चढ चढत खाचरांत नेऊन टाकत. आईने पदर खोचला आणि तीही आली. लग्न होऊन आल्यापासून ती तळ्यात पहिल्यांदा उतरत होती. तिच्या डोक्यावर टोपली काकींनी ठेवली. दोघींची त्याआधी बोलण्याची ओळख नव्हती. काकींनी तिला, टोपलीखाली चुंबळ कशी बसवायची ते दाखवले, आणि आई नेहमी चुकीची बसवत राहिली.

"हे तुमचंच मीठ आहे," दादा चढावर उभा राहून प्रत्येकाला सांगायचा. "वाहून गेलं होतं. परत न्या." त्याच्या अंगावर गाळ वाळून पांढरा झाला होता. मला त्याचे ते रूप सगळ्यात जास्त आठवते. आजारपणातले नाही.

खरी परीक्षा पुढे होती. तोंडे बंद करायची होती, निदान खत मातीत मुरेपर्यंत. आणि हे कुणाला पटेना. अडवलेले पाणी ही आमच्या गावात शिवी होती. बैठकीत एकेकाने तेच सांगितले: आज खतासाठी अडवाल, उद्या रागाने अडवाल. मग डोकी फुटतील. त्यांचे चुकत होते असे मला आजही वाटत नाही.

दादाने युक्तिवाद केला नाही. तो काकांकडे वळला. "काका, सगळ्यांचं पाणी शेवटी तुमच्या तोंडातून जातं. तळ्याचं दार तुमच्याकडे आहे. कुणी कधी तोंड बंद करायचं आणि कधी उघडायचं, ते तुम्ही ठरवा. वरचा कुणी ठरवणार नाही. आम्हीसुद्धा नाही."

 पिढ्यान्‌पिढ्या पाणी वरून आले होते आणि हुकूमही. काकांनी मांडी बदलली.

"माजा आयकतील?"

"ऐकावंच लागेल. सगळ्यात खाली तुम्ही आहात. पाणी अडवण्यात तुमचा फायदा काही नाही."

बैठकीत कुणीतरी हसले, आणि मग ते सगळ्यांना पटले.

आषाढात लावणी झाली. या वेळी दादाने खत फेकू दिले नाही. चिखलाचे लाडू वळायचे, प्रत्येकात चिमूटभर मीठ भरायचे आणि रोपांच्या मध्ये खोल दाबायचे. ओसरीवर बायका लाडू वळत बसल्या. "बाप्पा यायचाय, नं लाडू आताच!" काकी म्हणाल्या. आईने चिखलाचा लाडू हातावर घेऊन, बेसनाचा पाहावा तसा, गोल झाला का ते पाहिले. ज्या दिवशी लाडू दाबायचे, त्या दिवशी सकाळी काका बांधावर उभे राहिले आणि त्यांचा तो आवाज माळापर्यंत गेला.

"बंद करा रं तोंडां! वरून खालपावत! कोनी कुचराई केली तं माज्याशी गाठ हाय!"

एकेक तोंड बंद होत गेले. सगळ्यात शेवटी त्यांनी स्वतःचे बंद केले आणि त्याच्यावर पाय रोवून उभे राहिले. तळ्यात पडणाऱ्या पाण्याचा आवाज थांबला. तो आवाज पावसाळ्यात कायम असे, इतका की आम्हाला ऐकू येत नसे. थांबला तेव्हा कळले.

लाडू दाबून दोन दिवस झाले असतील, आणि पाऊस असा आला की माळ दिसेनासा झाला. खाचरे भरत चालली. वरून माणसे ओरडू लागली, "उघडा! बांध जाईल!" काका हलले नाहीत. त्यांचा बांध पाझरू लागला तसा ते पेंढा आणि चिखल लावत राहिले. दादा त्यांच्या बाजूला चिखल देत होता. मी आणि काकी डोक्यावर इरली घेऊन उभ्या होतो आणि आमचे काही काम नव्हते.

"उघडू का रं?" काकांनी विचारले. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात शंका होती.

दादाने खाचराच्या कडेच्या पडीक गवताकडे पाहिले. तिथे गुरे चरत. गवत कमरेएवढे होते. "तळ्याकडे नको. इकडे गवतात काढू. वरचं वरचं पाणी तेवढं जाऊ दे. गवत चाळून घेईल."

त्यांनी कडेचा बांध वरून वीतभर कापला. पाणी गवतात शिरले, पसरले, मंदावले. जो गढूळपणा होता तो गवताच्या बुडाशी बसू लागला आणि तळ्यात उतरले ते जवळजवळ स्वच्छ उतरले. काकांनी फावडे टेकवले आणि ओल्या मिशांतून दादाकडे पाहिले.

"पोरा," ते म्हणाले, "नोकरीला जाव नको."

आम्ही ती गोष्ट घराबाहेर कुणाला सांगितली नव्हती. काकी दुसरीकडे पाहू लागल्या, तेव्हा मला कळले की विहिरीवर मीच कधीतरी बोलून गेले होते.

श्रावण सरला. मी रोज सकाळी तळ्यावर जायची. साय धरली नाही. काठाशी थोडे शेवाळ आले, तेवढे नेहमीच येई. भाद्रपदात तळाच्या पायऱ्या पाण्यातून दिसू लागल्या, आणि त्यांच्यावरून छोट्या माशांचे थवे जाऊ लागले.

विसर्जनाला आसपासच्या वाड्यांतलेही लोक आले होते. पहिला गणपती काकांचा. ते छातीभर पाण्यात गेले, पाट पाण्याला टेकवला, आणि एकदम ओरडले.

"काय झालं?" काठावरून दहा जणांनी विचारले.

"पायाला मासा लागला!" ते म्हणाले. "मोठा हाय!"

असा हशा मी पुन्हा कधी ऐकला नाही. टाळ थांबले, झांजा थांबल्या, माणसे काठावर बसून हसत होती. काकांनी त्या हशातच गणपती सोडला. मग बाहेर येऊन त्यांनी आमचा गणपती आईच्या हातातून घेतला, तो दादाच्या हातात दिला, आणि दादाला दंडाला धरून पाण्यात नेले. आई या वेळी शेवटपर्यंत पाहत होती. वडील रजा काढून आले होते, ते धोतर भिजवत पायरीवर उभे होते आणि जो भेटेल त्याला सांगत होते, "माझा मुलगा शेतकरी आहे."

त्या वर्षी भात उभे राहिले. सगळ्यांचे, काकांचेही. पुढे ज्यांनी गाळाचा कंटाळा केला आणि नुसते मीठ टाकले, त्यांची जमीन काही वर्षांत विटेसारखी झाली. नांगर वरच्यावर घसरू लागला. मग तेही वैशाखात टोपली घेऊन तळ्यात उतरू लागले. गाळ नाही तर मीठ नाही, असा नियमच पडला. तो कुणी केला ते आठवत नाही. तोंडे बंद करायची हाक मात्र काका असेपर्यंत काकांचीच होती, आणि त्यांच्यानंतर ती काकींनी दिली. त्यांचा आवाज तर खाडीपलीकडे जायचा.

दादाने कधी नोकरी केली नाही. शेवटच्या दिवसांत तो फारसे बोलत नसे. एकदा मी उशाशी वाचत बसले होते, तर डोळे मिटूनच म्हणाला, "त्या दिवशी मरळ वर आला नसता तर?" मी म्हटले, "काकी होत्या ना. त्यांनी खाली जाऊन काढला असता." तो हसला.

आता खाचरे नाहीत; तिथे इमारती आहेत. माळ नाही. काका-काकी, आई-वडील, दादा, कुणी नाही. तळे आहे. त्याला कठडा आहे. त्यात मरळ आहेत.